किल्ल्यांची खुंटी

पतसंस्थेच्या फॉर्मवर एक रकाना आहे:
आपणास ओळखणाऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव.
अंबाजोगाईत अकरा वर्षं झाली मला
आणि पेन तिथंच अडलंय.

दसरा झाला की आमची वाडी रिकामी व्हायची.
मुकादमाचा ट्रक धारूरच्या घाटाला लागायच्या आधी
बायका एकेक करून हुरमतबीच्या दारात यायच्या,
कोयते पोत्यात, लेकरू कडेवर,
आणि किल्ली तिच्या हातात ठेवायच्या.
बोलायचं काही नसायचंच.
"कणगीला घूस लागती, बघ तेवढं,"
असलं काहीतरी.

तिला अक्षर येत नव्हतं.
प्रत्येक किल्लीला ती त्याच घरची चिंधी बांधायची:
सोजराच्या लुगड्याचा काठ,
भिवाच्या धोतराची किनार,
आमच्या किल्लीला माझा आखूड झालेला निळा सदरा.
खुंटीवर सगळी वाडी लटकायची
आणि वाऱ्यानं जराशी हलायची.

तिला साधुसंत करू नका.
पिंजाऱ्याची बाई; गादीत खाली जुना कापूस, वर नवा,
हे सगळ्यांना माहीत होतं.
भांडायला उठली की शिव्या अशा
की कुत्री गल्ली बदलायची.
उसनी नेलेली साखर तिच्याकडनं कधी परत आली नाही.
पण किल्ली वेगळी.
खुंटीपाशी गेली की तिच्यात कुणी दुसरंच उभं राहायचं,
कमी बोलणारं.

एका माघात बापानं बेळगावकडच्या फडावरनं
सरपंचाच्या घरी फोन लावून तिला बोलावून घेतलं:
पेटीतला चांदीचा करदोडा काढ, ड्रायव्हरजवळ दे.
घर त्याचं, पेटी त्याची, करदोडा माझा.
हुरमतबी म्हणाली,
"किल्ली वैनीनं दिलीय. वैनीला बोलू दे."
बाप पुढं जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.
तिनं पुरतं ऐकलं, फोन ठेवला,
घरी येऊन कापूस पिंजायला बसली.
आईला हे कळलं चैत्रात,
तेही सरपंचाच्या बायकोकडनं.

बाप वर्षभर तिच्या दारावरनं मान वळवून गेला.
पुढच्या दसऱ्याला मात्र किल्ली घेऊन तोच आला.
उंबऱ्यावर ठेवली, हातात नाही.
"ही," म्हणाला,
आणि ट्रककडं चालायला लागला.

सोपानचं बिऱ्हाड तिकडंच राहिलं,
पाच पावसाळे आलंच नाही.
आधी धाबं खचलं, मग मागची भिंत,
मग बाजूची.
चौकट तेवढी उभी, दार बंद, कुलूप लावलेलं.
शेळ्या मागनं आत जाऊन निवांत रवंथ करायच्या.
पिवळ्या चिंधीची ती किल्ली खुंटीवर तशीच,
दर सणाला तेलाचं बोट फिरवलेली.
मी तेव्हा बारावीत, नुकताच शहाणा झालेला.
म्हणलं, मावशी, हिला काय करायलीस आता?
ती कापसातली सरकी वेचत होती, मान वर केली नाही.
"भिंत पडली ते पावसाचं काम.
किल्ली माझ्याकडं दिलीय."

ती गेली त्याला सहा वर्षं होतील या रमजानात.
बाकीच्या किल्ल्या ज्याच्या त्यानं नेल्या.
पिवळी उरली, ती तिच्या सुनेनं मला दिली.
का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परवा शेजारचे गंगणे म्हणाले,
आठ दिवस गावाला चाललो, किल्ली ठेवता का?
मी हो म्हणालो, फार पटकन.
रात्री दोनदा उठून बघितलं
आहे का जागेवर.

रकान्यात शेवटी लिहिलं: हुरमतबी पिंजारी.
मोबाइल क्रमांकाची जागा कोरी सोडली.
असं चालत नाही, कारकून म्हणेल.
म्हणू दे.